बोलता येईल इतकं चालणं

सकाळी चालताना आमचे हे दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलं. फक्त दम लागून बोलणं तुटेल इतकं नको, म्हणाले. म्हणून मी सोबत जाते. पण इतक्या वर्षांत बोलायची सवयच राहिली नव्हती. ते पाट्या वाचतात, मी 'हं' म्हणते. आता चढही त्यांना सोपा जातो, चेहऱ्यावर तेज आलंय. लोक म्हणतात, नशीबवान आहात. मला मात्र ना आनंद होतो, ना भीती वाटते. आयसीयूबाहेर बसले होते, तेव्हापासून आत सगळं बधिर आहे. हृदयाला व्यायाम सांगता येतो. या बधिरपणाला काय सांगतात, कुणास ठाऊक.

आज तळ्याकाठी वाचायला काही उरलं नाही. मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू घाबरली होतीस?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मी घाबरलो होतो. तू एकटी पडशील म्हणून."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. समोरून माणसं येत होती, तरी मी त्यांचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.