मागून येणारी एंट्री

झाशीजवळच्या गुरसरायच्या नाटकघराची मालकीण कमलिनी हिला झाशीपासून मोठ गावापर्यंत सगळे ‘ताईजी’ म्हणत. मराठी माणसं थोरली बहीण समजून म्हणायची, हिंदी माणसं थोरली काकू समजून, आणि बाई दोन्ही नात्यांनी सगळ्यांवर खेकसायच्या.

झाशीतल्या जुन्या मराठी घरातली ही मुलगी. पणजोबा-खापरपणजोबा कारभारी, वडील-भाऊ नोकरदार. आणि हिनं काय करावं? गुरसरायला बंद पडलेली तेलाची गिरणी भाड्यानं घेतली, घाणा काढून तिथं रंगमंच बांधला. भावांनी कपाळाला हात लावला. बरं, हौसेपुरतं म्हणावं तर तेही नाही. तिकीट लावून नाटक, नटांना दरमहा पगार, तालमीला उशीर झाला तर तोंडाचा पट्टा. “हौस असेल त्यानं गणपतीत नाचावं, इथं पोट चालतं,” असं त्या तोंडावर सांगत. नाटकं बुंदेलीत चालायची, शिव्या मात्र अस्सल मराठी.

पण एक खोड वाईट. संशय! त्यांचा पहिला नायक निम्मी मंडळी घेऊन एका दिवसात पसार झाला होता, दारावर हाउसफुल्लची पाटी लागलेली असताना. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ताईजी तर पाणीसुद्धा फुंकायला लागल्या. दोघं कुजबुजले की आपल्याबद्दल. कुणी नवा शर्ट घातला की तो कुणी दिला? अहो, माणूस दिवाळीलासुद्धा शर्ट घेतो! पण सांगणार कोण त्यांना?

आणि आता त्यांची नजर बसली होती नीरजवर.

नीरज म्हणजे नाटकघराचा खांब. झाशीतल्या एका पुजाऱ्याचा नातू. मराठी कळायची, पण बोलताना अडखळायचा. रंगमंचावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉली भरभरून आलेली माणसं हसून बेजार व्हायची. लोक नाटकाचं नाव विचारत नसत, “नीरज है का?” एवढंच विचारत. तो गेला तर नाटकघराला कुलूप, हे काय ताईजींना कुणी सांगायला हवं होतं?

सुरुवात झाली ती त्या प्रसिद्ध प्रवेशापासून. नीरज कंजूष नंबरदार, म्हणजे गावचा पाटील, खाटेवर बसून मिशीला पीळ देतोय. नोकराच्या कामातला सुजित मागून येऊन ओरडतो, “मालिक, बारात लौट गई!” आणि नंबरदार असा दचकतो की त्याचा डोक्यावरचा साफा उडून खाली. गिरणीचे पत्रे हादरतील असा हशा. होळीनंतर एक दिवस नीरज म्हणाला, “ताई, सुजित को सामने से आने दीजिए. चेहरा देखकर दचकूँगा.” नुसता सुजितच नाही, सगळ्यांच्याच एंट्र्या त्यानं समोरून करून घेतल्या. ताईजींच्या कपाळावर आठी उमटली. आजवर एक हात वर करायचा तरी विचारणारा हा पोरगा, आता नाटक बसवायला लागला?

मग एकेक दिसायला लागलं. मागून हाक मारली तर ओ देईना. भाव खातोय! फोन उचलेना, वर “लिखके भेजिए” म्हणे. साहेब झाला! चहाला बसला की भिंतीला पाठ लावून बसे आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाही, जसं काही त्याच्या पोटातलं काढून घ्यायचंय. आणि दर सोमवारी झाशीची बस. कुठे? “काम है.” बबिन्याच्या छावणीतल्या सुभेदाराचा मुलगा हा सुजित, बोलता बोलता सांगून गेला, “ताईजी, मैंने भैया को सिविल लाइंस में देखा. एक जीने से उतर रहे थे.”

झालं! सिव्हिल लाइंसमध्ये झाशीच्या नव्या नाटक मंडळीचं ऑफिस होतं. थंडगार हॉल, गुळगुळीत खुर्च्या. मनात पाल चुकचुकायला आणखी काय लागतं?

तरी बाईंनी एकदा सरळ विचारलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कपडेपटात पेटीत वाकून साफे ठेवत होत्या, नीरज त्यांच्या मागे उभा. वर न बघताच म्हणाल्या, “नीरज, तू चाललायस का रे आम्हाला सोडून? खरं सांग, मी रागावणार नाही.” उत्तर नाही. पुन्हा म्हणाल्या, “बोल ना.” नाहीच. वळून पाहतात तर हा शांतपणे चपला घालून बाहेर निघालेला.

त्या पेटीच्या झाकणावर बसून रडल्या. रडणं संपलं तेव्हा रागच उरला. तो सोडून जाण्याआधी आपणच त्याला काढायचं, आणि तेही चारचौघांत त्याची जागा दाखवून, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

रविवारच्या खेळाआधी त्यांनी सुजितला बाजूला घेतलं. “आज बारातीचं वाक्य मागून बोलायचं. पहिल्यासारखं.”

“पर ताईजी, भैया ने मना किया है...”

“नाटक भैयाचं आहे की माझं?”

सुजित मान डोलावून निघाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण बाई डाव्या विंगेत स्टुलावर बसल्या त्या अगदी समाधानानं.

प्रवेश आला. नंबरदार खाटेवर, मिशीला पीळ. सुजित मागून आला. “मालिक, बारात लौट गई!”

लोकांना साफा कधी उडतो ते पाठ होतं. बाया पुढे झुकल्या. साफा उडाला नाही. नीरज नेहमीच्या एंट्रीची वाट बघत उजव्या विंगेकडे तोंड करून मिशी पिळत राहिला.

सुजित आणखी मोठ्यानं ओरडला. नीरज तसाच. मागच्या बाकांवर खसखस पिकली. अडून बसलाय, ताईजींना वाटलं, माझ्याच रंगमंचावर मला अडवून दाखवतोय! त्या उठल्या आणि विंगेतून सगळा जीव एकवटून किंचाळल्या, “नीरज!”

सगळ्या गिरणीनं दचकून विंगेकडे पाहिलं. एक तान्हं पोर रडायला लागलं. फक्त एक माणूस हलला नाही. लोक खदाखदा हसले, तेव्हा त्यांची उघडी तोंडं पाहून नीरजही हसला, काहीतरी छान झालं असावं असं समजून. एक हात मिशीवर होता. दुसऱ्या हातानं त्यानं खाटेची दोरी गच्च धरली होती.

देवा रे! त्याला ऐकूच येत नव्हतं. समोरच्या एंट्र्या, भिंतीला लावलेली पाठ, तोंडाकडे लावलेली टक, सिव्हिल लाइंसमधला तो जिना, सगळं एकदम बाईंच्या डोक्यात लखलखलं. तो जिना कानाच्या डॉक्टरचा असणार. आणि आपण काय केलं? पोराला चारशे माणसांसमोर उघडं पाडलं.

चष्मा गळ्यात लोंबत, घरच्या सुती साडीत ताईजी रंगमंचावर चालत गेल्या. उभ्या जन्मात त्या नाटकाच्या दिव्यांच्या उजेडात आल्या नव्हत्या. नीरजच्या समोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “अरे, कधीपासून?”

तो त्यांच्या ओठांकडे पाहत राहिला. गोंधळलेला. ओठ वाचायला शिकला होता तो हिंदीतले. मराठी ओठ त्याला लागेनात. बाईंनी एकेक अक्षर सुटं करून वाक्य म्हटलं, “मालिक, बारात लौट गई.”

नीरज असा दचकला की साफा उडून थेट पहिल्या रांगेत. लोकांनी पत्रे डोक्यावर घेतले. त्या गदारोळात तो खाली वाकला आणि ताईजींच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं घरची, मोडकी मराठी काढली. हशा तोवर ओसरला होता, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत होतं. शेवटच्या बाकापर्यंत अक्षर न् अक्षर ऐकू गेलं.

“ताई, मला काढू नका. ओठ दिसले की मी सगळं करतो.”

नाटकातलंच वाक्य समजून लोक पुन्हा हसले. ताईजींना त्याला उत्तर द्यायचं होतं, पण त्यांचे ओठ इतके थरथरत होते की नीरजला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नसतं.