पालथं मशीन

मशीन सुरू करण्याआधी काका ते दोन्ही हातांनी उचलून पालथं घालत. खाली दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवलेल्या असत. त्यांच्या मधल्या फटीतून बोट आत घालून ते चाचपत बटण दाबत. टीव्हीवर चित्र आलं की आमच्याकडे न बघताच म्हणत, ‘‘जीव हाय त्याच्यात अजून.’’ दिवसातून दहा वेळा हे वाक्य कानावर पडे आणि मला त्याचा वीट आला होता. आज त्या माणसाबद्दल लिहायला बसलोय ते प्रेमाने कमी आणि रागाने जास्त. राग कोणाकोणावर आहे ते ओघात येईलच. त्या यादीत माझं नाव वरच आहे.

मशीन म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. राखाडी रंगाचं, वरचं झाकण उघडून आत तबकडी ठेवायची. पाच-सहा वर्षं वापरलं की तबकडी वाचणारी काच खाली बसते आणि गेम मध्येच अडकतो. मग मशीन पालथं घातलं की काच पुन्हा जागेवर येते. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे केलं असेल, किंवा घरात कोणाला करताना बघितलं असेल.

वारज्यात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर दोन फ्लॅट जोडून आमची गेम बनवणारी कंपनी होती. कंपनी म्हणायचं एवढंच, आम्ही सगळे मिळून चौदा जण. शहरात नवनव्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि माझ्याबरोबरची मुलं अमेरिकेच्या वाऱ्या करत होती. मी क्रिकेटच्या गेममधल्या बॉलचा टप्पा ठरवत बसलो होतो. नवं काळं मशीन बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती. राखाडी मशीन संपलं, असं आम्ही प्रोग्रॅमर लोक चहा पिताना ठामपणे सांगत असू.

काकांना ते मान्य नव्हतं. ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणत. ते वऱ्हाडातले. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर त्यांचं गेमचं पार्लर होतं. ते बंद पडल्यावर पुण्यात आले आणि शहराच्या टोकाला मांजरी गावात एक खोली घेतली. तिथून स्वारगेट, स्वारगेटहून वारजे, असं दोन बस बदलून रोज येत. मुलाखतीच्या दिवशी सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना गंमत म्हणून एक तयार गेम खेळायला दिला. काकांनी तासाभरात त्यात अकरा चुका काढल्या. त्यातल्या चार माझ्या होत्या. ते आमचे टेस्टिंगचे प्रमुख झाले ते असे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पुण्यात कोणी नवं मशीन घेतलं की जुनं कुठे जातं? गावाकडच्या भाच्याकडे, नाहीतर जुन्या बाजारात. म्हणजे इथे ते मरतं तेव्हा तिकडे ते जन्माला येतं. म्हणून दर बुधवारी ते जुन्या बाजारातून एखादं खिळखिळं मशीन घेऊन यायचे आणि ते उलटंसुलटं करून आमचा प्रत्येक गेम त्याच्यावर तपासायचे. कंपनीचं कोरं करकरीत टेस्ट मशीन शेजारी पडून असायचं.

‘‘काका, आपण गेम विकतो, मशीनचा दवाखाना नाही चालवत,’’ मी एकदा म्हणालो. मी सदाशिव पेठेतला, त्यामुळे असं बोललं की आपण काहीतरी केलं असं मला वाटायचं.

‘‘पोरगं ज्याच्यावर खेळते त्याच्यावरच तपासा न भाऊ. काचेच्या कपाटातल्या मशीनवर कोन खेळते?’’

मी हसलो, आणि माझा गेम त्या खिळखिळ्या मशीनवर चालेना म्हणून दोन दिवस खपून दुरुस्त केला. करून घेण्याची त्यांची पद्धत अशी होती. आवाज चढवत नसत, फक्त खुर्ची ओढून शेजारी बसत आणि उठत नसत.

आमच्या गेमच्या डबीत ‘आपले मत कळवा’ अशी एक चिठ्ठी असायची. ती सरांनी कुठल्याशा परदेशी गेममध्ये पाहून घातली होती. कोणी लिहील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण पत्रं आली, आणि सगळी राखाडी मशीनवाल्या पोरांची. हिंगोली, मेहकर, कारंजा, वाशिमकडची खेडी. ती पत्रं काकांच्या टेबलावर जात आणि काका प्रत्येकाला पोस्टकार्डावर उत्तर लिहीत. गेम अडकतो? मशीन पालथं घाल. तरी अडकतो? खाली पुस्तकं ठेव, हवा खेळू दे.

वाशिमकडच्या एका मुलीने लिहिलं होतं की गेममधलं मोठं स्टेडियम तिला आवडत नाही, ती घरामागच्या गल्लीत खेळते, तशी गल्ली का नाही? काकांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि खुर्ची ओढली.

मी सांगितलं, जुन्या मशीनमध्ये जागाच नाही. खरंच नव्हती. ते म्हणाले, जागा करू. पुढचे तीन महिने दर शनिवारी, ऑफिसला सुट्टी असताना, आम्ही दोघं त्या मशीनमध्ये जागा करत होतो. आकाश काढलं. स्कोअरबोर्ड लहान केला. तरी पुरेना, तेव्हा काका म्हणाले, ‘‘प्रेक्षक काढून टाका. आमच्या गल्लीत पाहाले कोन येते?’’ प्रेक्षक काढले आणि गल्ली बसली. दोन्हीकडे भिंती, एक सांडपाण्याची नाली, बॉल नालीत गेला की दोन रन. एका घराची खिडकी फुटली की आतून बाई ओरडायची आणि मॅच संपायची. तो आवाज काकांनी स्वतः काढला होता, पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेऊन. मी आयुष्यात जे काही लिहिलं त्यात ती गल्ली सगळ्यात चांगली होती, आणि ती मेलेलं समजल्या जाणाऱ्या मशीनवर, तेही पालथ्या, मस्त पळत होती.

इथे काकांनी एक चूक केली. सरांनी अजून हो म्हटलेलं नसताना त्यांनी सगळ्या पोरांना पोस्टकार्डावर कळवून टाकलं, दिवाळीला गल्ली येतेय.

सरांनी गल्ली पाहिली. दहा मिनिटं खेळले, खिडकी फोडली, हसलेही. मग म्हणाले, ‘‘छान आहे. ही नव्या मशीनवर घ्या.’’

‘‘आन जुन्यावर?’’ काकांनी विचारलं.

‘‘जुन्यावर सगळं मिळालं तर नवं कशाला घेतील लोक? जुन्यावर गेल्या वर्षीचाच गेम द्या. खेळाडूंची नावं बदला, कव्हर बदला.’’

‘‘मंग त्याच्यात नवीन काय?’’

‘‘साल नवीन आहे की,’’ सर म्हणाले, आणि त्यांनी पुढची फाइल उघडली.

तेव्हा मला त्या उत्तराचं कौतुक वाटलं होतं. ही गोष्ट आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. गेम तयार होता. वेगळा खर्च नव्हता, वेगळी मेहनत नव्हती. फक्त तो द्यायचा नव्हता. जुन्या मशीनवर चांगलं काही निघत नाही असं आपण सगळे म्हणतो ना, ते निघत नाही याचं कारण मशीन नसतं. कोणीतरी खुर्चीत बसून ते निघू देत नाही.

गेम बाजारात जाण्याआधी टेस्टिंगच्या कागदावर सही लागायची. त्यात एक ओळ होती, ‘नवीन भाग तपासले का?’ काका म्हणाले, नवीन भागच नाही तर तपासू काय, आणि त्यांनी सही केली नाही. पोरांना शब्द दिलाय, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. सरांनी त्यांना फार समजावलं नाही. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. नव्या मशीनच्या गल्लीचा प्रमुख म्हणून माझं नाव येणार होतं, हे त्याच वेळी त्यांनी मला सांगितलं. मी ‘होय’वर खूण केली आणि सही केली. काका समोरच्या टेबलावर होते. त्यांनी बघितलं आणि मान खाली घालून पालथ्या मशीनचं बटण शोधायला लागले.

दिवाळीला दोन्ही गेम आले. काळ्या मशीनवरच्या गल्लीचं वर्तमानपत्रात कौतुक झालं. मी आईला कात्रण दाखवलं. कव्हर मात्र दोन्हींना एकच छापलं होतं, छपाई वाचावी म्हणून. त्यावर गल्लीचं चित्र होतं, नालीसकट.

पंधरा दिवसांत पत्रं यायला लागली. काका ती वाचून ड्रॉवरमध्ये ठेवत होते. उत्तरं लिहीत नव्हते. एका सकाळी त्यांनी वाशिमकडच्या त्या मुलीचं पत्र माझ्या की-बोर्डवर ठेवलं. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत.

‘काका, कव्हरवर गल्ली आहे पण आमच्या गेममध्ये दिसत नाही. तुम्ही सांगितलं होतं तसं मशीन पालथं करून पाहिलं. खाली पुस्तकं पण ठेवली. तरी दिसली नाही. आमचं मशीन फार जुनं आहे म्हणून असेल का? बाबांना सांगितलं नाही, ते म्हणतील तूच बिघडवलं. अजून काय करू ते कळवा.’

पत्रासोबत एक कोरं पोस्टकार्ड होतं. त्यावर तिचा पत्ता काकांनी आधीच लिहून ठेवला होता.

‘‘तुमी लिहा भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘सही तुमची हाय.’’

मी म्हणालो, काका, असं चालतंच, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी ऐकून घेतलं. मग जुन्या बाजारातलं एक मशीन कापडी पिशवीत घातलं आणि जिना उतरून गेले. जेवायला गेले असतील असं आम्हाला वाटलं. राजीनामा तिसऱ्या दिवशी पोस्टाने आला, पोस्टकार्डावर. आठवड्याने मी मांजरीला जाऊन आलो तर खोली रिकामी होती. घरमालक म्हणाला, गावाकडे गेले.

महिन्याभराने ऑफिसच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं, त्याच मुलीचं. ‘काका घरी आले होते. त्यांनी त्यांच्या पिशवीतली तबकडी आमच्या मशीनमध्ये घातली. गल्ली दिसली. तबकडी मला दिली. मशीन खराब नव्हतं हे ऑफिसला कळव म्हणाले, म्हणून लिहिते आहे.’ टेस्टिंगसाठी काढलेल्या गल्लीच्या तबकड्या काकांच्याच ताब्यात असत.

मग कारंज्याहून आलं. मग हिंगोलीहून दोन. शेवटचं मेहकरच्या एका मुलाचं होतं. त्याने लिहिलं होतं की काकांनी स्वतः सगळ्यांसमोर बाईचा आवाज काढून दाखवला, आजी हसून हसून लोळली, आणि ते चहा न घेता गेले कारण त्यांना पुढची एसटी पकडायची होती. त्यानंतर एकही कार्ड आलं नाही. ते कुठवर पोचले, का थांबले, मला माहीत नाही. त्यांच्या गावी चौकशी करण्याइतकं अंतर काही फार नव्हतं. मी केली नाही.

मी ठरवलं असतं तर एका दुपारी सगळ्या पोरांसाठी तबकड्या तयार करून पोस्टात टाकू शकलो असतो. गल्ली माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होती. मी तेही केलं नाही. पुढे कंपनी बंद झाली आणि कॉम्प्युटर भंगारात गेले. काळं मशीनही जुनं झालं. त्यालाही शेवटी शेवटी दुसऱ्या कोणीतरी नुसती सालं बदलून गेम दिले, आणि तेव्हा ते माझ्या मुलाकडे होतं. त्याने मला विचारलं, बाबा, जुन्या मशीनवर चांगले गेम येत का नाहीत? मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

काकांच्या ड्रॉवरमध्ये तेवीस पत्रं होती. ऑफिस आवरताना मी ती घरी आणली. त्यातल्या पाच जणांची पोच आली होती. उरलेली अठरा पत्रं माझ्या कपाटात वेगळी ठेवली आहेत, आणि त्या अठरा घरांत अजूनही कोणाला तरी वाटत असेल, आपलं मशीन बिघडलं होतं.