शेजारच्या मावशी मालिकेत शिरल्या

काही वर्षांपूर्वी बीडच्या केबलवर आमची एक विनोदी मालिका चालायची. नवरा-बायकोची रोजची कुरबुर, एवढंच तिचं कथानक. बायको मी. आठवडाभर शिकवणीत गणित शिकवायचे आणि रविवारी माझ्याच भाड्याच्या घरात शूटिंग. नवऱ्याचं काम करायचे स्टँडमागचे एक मोटारसायकल मेकॅनिक, सगळे त्यांना भाई म्हणायचे. नखांतलं ग्रीस काही केल्या निघेना, म्हणून त्यांचं पात्रही मेकॅनिकच केलेलं. लग्नांचे व्हिडिओ काढणारा एकजण दिग्दर्शक होता, कारण कॅमेरा त्याचा होता.

तिसऱ्या भागात भाजीत मीठ जास्त पडल्यावरून भांडण होतं. भाईंनी ताट सरकवलं, आवाज चढवला, तोच दार ढकलून शेजारच्या मावशी आत! नुकत्याच राहायला आलेल्या, शूटिंगचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. कणकेच्या हातांनीच त्या भाईंसमोर उभ्या राहिल्या.

“कावून वरडायलास रे तिच्यावर? मीठ जास्त झालं तर पाणी पे वरून!”

भाई इतके घाबरले की खरंच तांब्याभर पाणी प्यायले. दिग्दर्शकाने कॅमेरा चालूच ठेवला. भाग दाखवला आणि भाजी घेताना लोक मला विचारायला लागले, “ती मावशी पुन्हा कधी येणार?”

मालिकेत काम कराल का, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “पाठ करून बोलणं मला जमायचं न्हाई. तुमी भांडा. वाटलं तर येईन.”

मग तसंच चाललं. आम्ही भांडायचो आणि डोळे दाराकडे. चुलीवर दूध असलं की मावशी यायच्या नाहीत.

एका रविवारी भाई दोन तास उशिरा आले. माझ्या शिकवणीतल्या मुलांची परीक्षा तोंडावर होती. मी नको ते बोलले, त्यांनी हातातले संवादांचे कागद भिरकावले. आवाज पार रस्त्यावर गेला. मग दोघंही दाराकडे बघत बसलो. कुणी आलं नाही.

मीच शेजारी गेले. मावशी निवांत तांदूळ निवडत होत्या.

“ऐकू आलं नाही का?”

“आलं की. पर आज लई खरं भांडायलात. त्यात मी कशाला पडू? तुमचं तुमी मिटवा.”

परत येऊन भाईंना सांगितलं. ते हसत सुटले, मग मीही.

“चुकलं मॅडम,” ते म्हणाले.

“माझंही,” मी म्हटलं.

त्या दिवशीचा भाग मात्र अगदी सपक झाला. आम्ही एकमेकांशी इतकं जपून बोलत होतो की नवरा-बायको वाटेचनात.