उभ्याने खाल्लेलं

आईचं वजन चौऱ्याऐंशी किलो भरलं, तेव्हा ती काट्यावरून उतरली, चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा चढली. पुन्हा चौऱ्याऐंशी. "फरशी सपाट नसेल," ती म्हणाली. नर्सने काटा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. तिथेही फरक पडला नाही.

म्हैसूरमधल्या त्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरले होते. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. उजव्याची शस्त्रक्रिया आधी करता येईल, पण त्याआधी आठ-नऊ किलो वजन उतरायला हवं, तीन महिन्यांनी या, असं ते इंग्रजीत म्हणाले. आईला इंग्रजी कळतं, पण डॉक्टरांचं भराभर बोललेलं कळत नाही. मी मराठीत सांगितलं, "थोडं वजन कमी झालं तर बरं, असं म्हणताहेत." डॉक्टर 'तर बरं' असं काही म्हणाले नव्हते.

आईचं घर मिरजेला, दुसऱ्या मजल्यावर. बत्तीस पायऱ्या, लिफ्ट नाही. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहत होती आणि तिला ते आवडत होतं. पंधरा महिन्यांपूर्वी ती आमच्याकडे म्हैसूरच्या हूटगळ्ळीला दोन आठवड्यांसाठी आली. इथेच गुडघा धरला आणि राहणं लांबत गेलं. घराला कुलूप होतं. शेजारीण रविवारी खिडक्या उघडून हवा खेळू देत होती. "मला माझ्या घरी जायचंय," हे वाक्य आई दिवसातून एकदा तरी बोलायची. तक्रारीच्या सुरात नाही. आज ऊन आहे, असं सांगावं तसं.

दवाखान्यातून परतताना रिक्षात ती म्हणाली, "मी खातेच काय? सकाळी चहा. दुपारी दीड पोळी. संध्याकाळी भात-आमटी. त्यात वजन येतं कुठून?"

मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं.

"आपल्या घराण्यात हाडंच जड," ती म्हणाली. "आणि इथलं पाणी."

मी चौदा वर्षं पुण्यातल्या एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं. आता घरी बसून एका संकेतस्थळाच्या बातम्या तपासते. कोणी काही दावा केला की त्याला आधार काय, हे विचारणं हा माझा धंदा. आईच्या हाडांच्या आणि पाण्याच्या दाव्याला आधार नव्हता. पण मी तेव्हा पाच फूट दोन इंच उंचीला अठ्ठ्याहत्तर किलो होते, आणि माझ्या डॉक्टरांना 'बाळंतपणानंतरचं आहे, उतरलंच नाही' असं सांगत आले होते. माझी मुलगी सातवीत आहे.

डॉक्टरांनी सुचवलेली आहारतज्ज्ञ तरुण होती आणि आईशी हिंदीत बोलायची. तिने एकच काम सांगितलं. जे तोंडात जाईल ते लिहून ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. मी एक लांबट वही आणली आणि आईला म्हटलं, तुझं मी लिहिते. कारण म्हणून तिच्या डोळ्यांचं सांगितलं. खरं तर तिच्यावर माझा भरवसा नव्हता.

"माझं तू लिहिणार, तर तुझं मी लिहिणार," आई म्हणाली. "नाहीतर राहू दे ती वही."

"माझं कशाला?"

"तू जेवत नाहीस का?"

अट मला सोपी वाटली. माझं पान रिकामंच राहील, अशी माझी समजूत होती.

पहिल्या आठवड्यात भांडणं झाली ती काय लिहायचं यावरून. आईच्या लेखी खाणं म्हणजे ताटावर बसून खाल्लेलं. गुरुवारी तिचा उपवास असतो. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट घातलेली बटाट्याची भाजी आणि रात्री दही-वरी. "उपवासाचं काय लिहायचं त्यात? उपवास म्हणजे न खाणंच ना?" मी लिहिलं. ती त्यावर दिवसभर माझ्याशी तुटक बोलली.

त्याहून मोठा वाद ओट्यापाशी झाला. जेवणं आटोपली की आई उंच स्टुलावरून उठते आणि भांडी रिकामी करायला लागते. पातेल्यात डावभर आमटी, मुलीच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी, कढईला चिकटलेली भाजी. ती हे उभ्याने खाते, एका हाताने ओटा धरून. मी वहीत 'पोळी अर्धी, आमटी एक डाव' लिहिलं, तेव्हा तिने वही ओढून घेतली.

"हे मी कधी खाल्लं?"

"आत्ता. माझ्यासमोर."

"ते खाल्लं नाही गं. संपवलं."

तिसरा प्रश्न अग्रहारातून, म्हणजे म्हैसूरच्या जुन्या वस्तीतून, आला. तिथे आईची एक मैत्रीण राहते. त्यांचं कुटुंब चार पिढ्या म्हैसूरमध्ये आहे. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येणार नाही. दोघींची ओळख देवळातल्या भजनात झाली. गुडघ्यामुळे आईचं भजन थांबलं, तसं त्या दर शनिवारी बस बदलून हूटगळ्ळीला यायला लागल्या. पिशवीत डबा असायचाच. कधी गोड पोंगल, कधी ओब्बट्टू, म्हणजे इथली पुरणपोळी.

"खावा की हो, स्वल्पच आहे," त्या म्हणाल्या. "देवाचं आहे. बेडा म्हणू नये."

"बघ, नको म्हणू नये म्हणताहेत," आई मला म्हणाली. "प्रसादाला कुठे वजन असतं?"

"आमच्या घरी काटाच नाही," बाई म्हणाल्या. "सुखी आहोत."

माझं पान आई लिहीत होती. ती तीस वर्षं टपाल कचेरीच्या काउंटरवर होती आणि तिच्या नोंदी तशाच होत्या. आधी वेळ, मग वस्तू, मग माप. 'अकरा वीस. चिक्की दोन. फोनवर बोलताना.' 'सव्वाचार. चिवडा, मूठभर. मूठ मोठी.' 'पाच पाच. विचारलं तर काही नाही म्हणाली. तोंडात होतं.'

"मी कामाच्या नादात होते," मी म्हटलं.

"बरं, मग तसं लिहिते." आणि तिने समोर लिहिलं, 'कामाच्या नादात'.

पंधरा दिवसांनी आईचं वजन दोनशे ग्रॅम उतरलं होतं. महिन्याने एकूण सहाशे. आहारतज्ज्ञाने वहीची पानं उलटली, बोटाने एकेक ओळ खाली आली. "इतकं कमी खाणं असेल तर वजन याहून जास्त उतरायला हवं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नीट बघू."

मला हे आवडलं नाही. नोंद आणि वस्तुस्थिती जुळत नसेल तर चूक कुठेतरी आहे, आणि ती सापडते, इतकं मी कामातून शिकले होते. एका दुपारी आई झोपली असताना मी वही घेऊन बसले. माझ्या माघारी आई काहीतरी खात असणार, हे मी धरून चालले होते. डब्यांची यादी केली. घरात शेंगदाणे किती आले आणि किती उरले, ते ताडून पाहिलं. शेंगदाणे कमी झाले होते ते माझ्या पानावर नोंदलेले होते.

मग मी माझ्या हातच्या नोंदी वाचल्या. मंगळवार, पोळ्या दोन. मला तो मंगळवार आठवत होता. तिने तीन खाल्ल्या होत्या, तिसरी गुळासोबत. गुरुवार, खिचडी एक वाटी. ती वाटी नव्हती, बाऊल होता. तूप थोडं. शनिवार, ओब्बट्टू एक. दोन होते. ओट्यापाशी संपवलेलं पहिल्या आठवड्यानंतर वहीत कुठेच नव्हतं. मला कोणी हे गाळायला सांगितलं नव्हतं. आई आपल्या पानाबद्दल एका शब्दाने बोलली नव्हती.

माझं पहिलं स्पष्टीकरण असं होतं: ती रात्री पान वाचते, तिला वाईट वाटू नये म्हणून मी हात आखडता घेतला. हे काही अंशी खरं आहे. दुसरं कारण सुचायला थोडा वेळ लागला. संध्याकाळी पाच ते नऊ माझ्या कामाची गर्दी असते. नवरा कंपनीच्या बसने आठला पोचतो. पंधरा महिने मुलीला शाळेतून आल्यावर खायला देणं, तिचा अभ्यास, स्टुलावर बसून केलेल्या पोळ्या, हे सगळं आई करत होती. गुडघा बरा झाला की ती जाणार होती. ती जाऊ नये असं मी कधी म्हटलं नाही, मनातही नाही. मी फक्त तीनच्या जागी दोन लिहिलं होतं.

त्या दिवशी मी आईला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी आहारतज्ज्ञाकडे पुन्हा जायचं होतं.

या वेळी काट्याने शंभर ग्रॅम वाढ दाखवली. आहारतज्ज्ञाने वही मिटली आणि खुर्ची आईकडे वळवली. "आजी, सच बताइए. छुपकर खाती हैं?"

आईने मांडीवरची पिशवी नीट केली. ती उत्तर देणार नाही, हे मला दिसलं. आरोप तिने स्वतःवर घेतला असता.

"लिहिणारी मी आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "मी कमी लिहिलंय."

आहारतज्ज्ञाने माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग एक क्षण खाली. "का?"

"चुकून," मी म्हटलं.

एवढं इंग्रजी आईला कळलं. "चुकून नाही," ती मराठीत मला म्हणाली. "रोज वाचत होते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"वाचून बरं वाटायचं," आई म्हणाली.

आहारतज्ज्ञाने विचारलं, काय म्हणतात त्या? मी भाषांतर केलं, या वेळी शब्दाला शब्द. ती हसली नाही. दीड महिना उरलाय, असं म्हणून तिने तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर आईने वही स्वतःकडे घेतली. माझी पानं तिने लिहायची थांबवली. "दोन्ही नाही जमायचं," ती म्हणाली. मी हरकत घेतली नाही. स्वतःच्या पानावर तिने पट्टीने एक उभी रेघ मारली आणि उजवीकडच्या रकान्याला नाव दिलं, 'संपवलं'. पहिल्या तीन दिवसांत तो रकाना डावीकडच्यापेक्षा लांब झाला. चौथ्या दिवशी तिने कणीक कमी भिजवली. उरलेली आमटी स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये गेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला तीच मिळाली. नवरा एकदा म्हणाला, "कालचीच?" आई म्हणाली, "हो. माझ्या पोटात जागा नाही आता."

गुरुवारचा उपवास तिने सोडला नाही. खिचडीऐवजी ताक आणि फळ, एवढंच केलं. सकाळी काठी घेऊन गल्लीतून मेनरोडपर्यंत चालायची, आधी फक्त जाताना आणि परत रिक्षाने, मग दोन्ही वेळा. कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटारसायकली निघून गेल्या की ती निघायची.

अवघड पडलं ते शनिवारचं. अग्रहारातल्या बाई डबा उघडत होत्या, तेव्हा आईने त्यांचा हात धरला.

"आता आणू नका हो. मला घरी जायचंय. बत्तीस पायऱ्या आहेत."

"अय्यो, मग मी येऊ कशाला?"

"बोलायला या."

"नुसतं बोलायला?" बाई खरोखर गोंधळल्या. पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरच्या शनिवारी आल्या, पिशवीत काकड्या घेऊन, आणि तासभर आपल्या सुनेविषयी बोलल्या. आई त्या रात्री म्हणाली, इतके महिने ह्या गोड का आणत होत्या ते आज कळलं.

तीन महिन्यांनी वजन सत्त्याहत्तर भरलं. डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं त्यापेक्षा कमी उतरलंय, पण चालेल. मी ते तसंच सांगितलं. आईने वही पुढे केली. डॉक्टरांनी ती उघडली नाही. शस्त्रक्रिया झाली. पहिल्या आठवड्यात ती कण्हली, दुसऱ्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीशी भांडली, दोन महिन्यांनी जिना चढून आमच्या गच्चीवर गेली आणि तिथून मिरजेच्या शेजारणीला फोन लावला. डाव्या गुडघ्याचं पुढे बघू, असं तिचं म्हणणं होतं. ते पुढे म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही.

तिला पोचवायला मी एकटीच गेले. सकाळची वेळ होती आणि जिन्यात कोणी नव्हतं. तिने कठड्याला हात लावला, चांगला पाय वर, मग दुसरा. पहिल्या मजल्यावर ती थांबली, भिंतीवरचा टपालाचा डबा उघडून पाहिला, वाळलेली दोन पत्रकं काढली आणि पुढे निघाली. मी दोन बॅगा घेऊन मागे होते. ती वर पोचली तेव्हा मी मधल्या वळणावर उभी होते, भिंतीला टेकून. तिने वाकून खाली पाहिलं.

"दम लागला?"

"बॅगा जड आहेत," मी म्हणाले.

 कमरेची किल्ली काढून तिने कुलूप उघडलं आणि मी वर येण्याची वाट न पाहता आत गेली.