बापीला बाहेर बोलावलं तो सामना

भटजींनी संकल्पासाठी कॅप्टनला हाक मारली. मी उठलो, तर आमच्या क्लबचे सेक्रेटरी नोनीदा यांनी माझं मनगट धरलं.

"तू नाही. यंदा बापी बसेल. तू आजपासून कोच."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोलकात्यात बंगाली नववर्षाच्या सकाळी फुटबॉल क्लब गोलपोस्टची पूजा करतात. तिला बारपूजा म्हणतात. आमच्याकडे पूजेला कॅप्टन बसायचा. मी स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणं हे माझं काम. तीन वर्षं पूजेलाही मीच बसलो होतो. आणि आता शेंदूर लावलेल्या खांबासमोर, चारचौघांत हे ऐकवणं! असा संताप आला म्हणता! पण उजवा गुडघा कामातून गेला होता, हे मलाही ठाऊक होतं. मी एकच अट घातली, खेळाडू म्हणून माझं रजिस्ट्रेशन राहू द्या.

"कशाला रे?"

"असू द्या हो. अडीनडीला."

बापी बावीस वर्षांचा, माझ्याच जागेवर खेळणारा. गोलकीपर अंगावर आला की घाई करायची नाही, बॉल त्याच्या बाजूने सारायचा, हे त्याला मीच शिकवलं. पोरगा गुणी होता.

लीगचा शेवटचा सामना आला. जिंकलो नाही तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. मैदानात घोटाभर चिखल. वीस मिनिटं उरली, शून्य-शून्य. बापीने लागोपाठ दोन चान्स घालवले आणि माझं डोकं फिरलं. बूट चढवले, त्याला बाहेर बोलावलं.

"दादा, अजून एक चान्स द्या ना."

"गप बस तिथे."

चान्स आला. समोर फक्त गोलकीपर. मी उजवा पाय टेकला आणि गुडघ्याने दगा दिला. मी चिखलात आडवा, बॉल गोलकीपरच्या हातात. सामना बरोबरीत सुटला. आम्ही खाली गेलो.

क्लबच्या तंबूत नोनीदा बापीवर तुटून पडले. "दोन दोन चान्स सोडतोस? लाज नाही वाटत?" तो मान खाली घालून ऐकत होता. ते मला बघवेना.

"त्याला बोलू नका," मी म्हटलं. "मी काढलं त्याला."

"ते दिसलं मला. का काढलंस?"

"मला गोल मारायचा होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बरीच वर्षं कोचिंग केलं. मॅचला मी चपला घालून जायचो. मैदानात उतरायची खुमखुमी आली, तरी सोय नको.