शेऱ्याचा रकाना

नव्वदच्या सुमारास मी जळगावच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. पतसंस्था दर तिमाहीला ठेवी, कर्ज आणि थकबाकीचं पत्रक पाठवत. मी त्यांचा गोषवारा करून धुळ्याच्या वरिष्ठ कचेरीला पाठवायची. पत्रकात शेवटी शेऱ्याचा रकाना असे. अमळनेरच्या एका संस्थेने चोपड्याच्या संस्थेत पैसे ठेवलेत, चोपड्याने भडगावच्या आणि भडगावने पुन्हा अमळनेरच्या, हे मला त्या रकान्यातूनच कळलं.

मग कॉम्प्युटर आला. शिकवायला आलेल्या माणसाला मी विचारलं, "शेरा कुठे भरायचा?"

"शेरा नको, मॅडम. हा फक्त आकडे घेतो."

मी साहेबांकडे गेले. "साहेब, एकच पैसा तिघांच्या पत्रकात दिसतोय. एक संस्था बसली की तिन्ही बसतील."

साहेब सह्या करत होते. "बाई, पत्रकाचा नमुना वरून आलाय. तो तुम्ही-मी बदलणार का?"

मी टिपण लिहून दिलं. ते फायलीला लागलं. पुढच्या तिमाहीला दुसरं दिलं, तेही लागलं. अमळनेरच्या सचिवांना फोन केला, तर ते हसून म्हणाले, "ताई, बठ्ठं बरोबर शे. तुम्ही कशाले घाबरतस?" त्यांच्या मते सगळं ठीक होतं. त्या दिवशी रिसीव्हर मी जरा आपटूनच ठेवला.

वर्षभरात चोपड्याच्या संस्थेने पैसे देणं थांबवलं. महिन्याभरात अमळनेरची बसली, मग भडगावची. धुळ्याहून साहेबांना फोन आला, तुम्ही आधी काहीच कसं कळवलं नाही? मी दोन्ही टिपणं साहेबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती पाहिली, उलटी करून ठेवली आणि फोनमध्ये म्हणाले, "तपासून कळवतो."

दुसऱ्या दिवशी अमळनेरहून एक निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन आले. "तपासणी तुमच्याकडेच होते ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी हो म्हणाले. त्यांचे पैसे पुढे हप्त्याहप्त्याने, काही वर्षांनी मिळाले; सगळे नाहीत.

शेवटी नवा नमुना आला. त्यात 'इतर संस्थांमधील ठेवी' असा रकाना होता, बोटभर रुंदीचा. पहिल्याच तिमाहीला पाचोऱ्याच्या एका सचिवांचा फोन आला. "बाई, आमच्या ठेवी सात ठिकाणी आहेत. एवढ्याशा जागेत कशा लिहू?"

"कागद जोडा," मी म्हटलं. "आणि टाचणी नको, डिंकाने चिकटवा. इथे टाचण्या निघून पडतात."