एका चुलीची वसाहत

वेणीमाधव सरांनी आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर मोठ्यांना सुधारायला घेतलं. तिथंच चुकलं. सोलापूरजवळ, होटगीच्या अलीकडे आम्ही काही कुटुंबांनी मिळून जागा घेतली, तेव्हा वसाहतीचा आराखडा सरांनीच काढला. घरांना कुंपण नाही, दारावर नावाची पाटी नाही आणि एकाही घरात स्वयंपाकघर नाही. मधोमध सगळ्यांचं मिळून एक जेवणघर. "एका चुलीवरचं खाणारी माणसं भांडत नाहीत," सर म्हणायचे. एकत्र कुटुंबात वाढलेला माणूस असं कसं म्हणू शकतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पहिलं वर्ष मात्र खरंच सुखाचं गेलं. पंगत बसायची, सर स्वतः वाढायचे, पोरं कुणाच्याही मांडीवर झोपायची. मग कुणाला आमटी तिखट लागू लागली, कुणाला लसूण चालेना. घरात चूल नाही म्हटल्यावर झक मारत पंगतीला येतील, असा सरांचा अंदाज. पण आपण सोलापुरात राहतो हेच ते विसरले! इथल्या कडक भाकरीला घरात चूल लागतेय कशाला? विकत आणायची, महिनाभर टिकते. सोबत शेंगाचटणी आणि वाटीभर दही, की झालं जेवण. लोक दारं लावून खायचे आणि पोट बरं नाही म्हणून सांगायचे. पण कडक भाकरी चोरून खाता येत नाही, ती वाजते. सर संध्याकाळी फेरी मारताना घराघरातून ते कुडुमकुडुम ऐकायचे आणि पुढं जायचे.

स्वयंपाक आळीपाळीनं करायचा ठरलं होतं. ज्याची पाळी, त्याच्याकडे नेमका पाहुणा यायचा. मग सरांच्या पत्नी, मालतीकाकू, गुडघ्याला पट्टा बांधून ओट्याशी उभ्या राहायच्या. असं करता करता त्या रोजच उभ्या राहू लागल्या.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या महादेवप्पांनी यंदा बैठक बोलावली. "सर, राग मानू नका. तुमचं मन लई मोटं हाय, पर आमी न्हाय तेवढे मोटे. ज्याची चूल त्याच्या घरात असू द्या की."

सर उभे राहिले. "ही चूल विझली तर वसाहत संपली. नुसती घरं उरतील. तरी बंदच करायची असेल, तर हात वर करा."

एकेक करत आमचे सगळ्यांचे हात वर गेले. सर काकूंकडे वळले. "मालती, तू तरी सांग यांना."

काकूंचाही हात वर होता.

"अगं, तू?"

"आराखड्यात तुम्ही झाडंसुद्धा दाखवलीत," काकू म्हणाल्या, "चुलीपुढं कोण उभं राहणार, तेवढं नाही दाखवलंत."

सर खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि काकूंकडे तर त्याहून नाही.

महिन्याभरात घरोघरी ओटे झाले. सरांच्या घरात ओट्याला एकच जागा निघाली, त्यांच्या ड्रॉइंगच्या टेबलाची. टेबल त्यांनी स्वतः ओढत जेवणघरात नेऊन ठेवलं. दिवसभर ते तिथंच बसतात. काढत काही नाहीत.

काकू आता फक्त दोघांपुरतं शिजवतात. दोघं जेवतात मात्र वेगवेगळ्या वेळी.